पट्टी लावा, जहाज मोजा

'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (1980) मधलं डार्थ व्हेडरचं 'एक्झिक्युटर' जहाज केवढं? जुन्या पुस्तकांत 8 किलोमीटर छापलं होतं. छापलंय म्हणून मानायचं का?

साधा स्टार डिस्ट्रॉयर 1600 मीटरचा. म्हणजे एक्झिक्युटर त्याच्या 5 पट हवं. सीन पॉज करून दोघांना पट्टी लावली, की मात्र फसायला होतं. कॅमेऱ्याजवळचं जहाज उगाच मोठं दिसतं. (माझं पहिलं उत्तर असंच चुकलं, रूममेट अजून हसतो.) म्हणून माप त्याच जहाजावर शोधायचं. एक्झिक्युटरच्या पाठीवरचा ब्रिज टॉवर अगदी स्टार डिस्ट्रॉयरसारखाच आहे. तो तेवढाच धरा आणि टॉवरच्या उंचीवरून स्केल काढा. जहाज तिरकं असेल तर लांबी आखूड दिसते, तेव्हा बाजूने दिसणारा सीनच घ्या. उत्तर येतं साधारण 12 पट, म्हणजे 19 किलोमीटर!

चाहते यावर वर्षानुवर्षं भांडले. शेवटी अधिकृत आकडाच 19 किलोमीटर झाला. टॉवर तेवढाच, हे मात्र आपण गृहीत धरलंय. व्हायव्हात सर पहिला प्रश्न तोच विचारतील.