कठीण लाकूड, छोटी वस्तू: दर कसा काढायचा?

या वेळच्या व्हिडिओत आपण अमेरिकेतला एक छोटा धंदा बघितला: पिस्तुलाच्या लाकडी मुठी ऑर्डरप्रमाणे बनवून देणं. वस्तू तळहाताएवढी. मग लगेच वाटतं, "एवढंसं तर लाकूड, खर्च तो काय?" दर चुकतो तो इथेच.

आधी एक सूचना. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. त्यामुळे मूठ बनवायला घेऊ नका. हिशेब मात्र शिकून घ्या. सुरीची मूठ, हत्याराचा दांडा, शिसवीची पेटी, सगळीकडे तो चालतो.

उदाहरण घेऊ कोल्ट १९११ पिस्तुलाचं. त्याच्या मुठीला दोन बाजूंना दोन लाकडी पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीला दोन स्क्रू. लाकूड कोकोबोलो, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, आपल्या शिसवीच्याच कुळातलं. कठीणपणात सागवानाच्या अडीच पटीहून जास्त. लाकडाच्या किमतीशिवाय यात चार खर्च लपलेले असतात.

१. थांबण्याचा खर्च. लाकूड ओलसर राहिलं तर पट्टी नंतर आकसते, वाकते, कधी स्क्रूच्या भोकापाशी तडकते. म्हणून तुकडा दर आठवड्याला वजन करून ठेवायचा. वजन घटायचं थांबलं की तो कामाला तयार. तोपर्यंत तुमचा पैसा फळीवर पडून असतो.

२. हत्याराचा आणि वेळेचा खर्च. पातं लवकर बोथट होतं. घाईने ड्रिल दाबलं तर लाकूड तापून जळतं. शिवाय हे लाकूड तेलकट. त्यावर नुसतं तेलाचं फिनिश दिलं तर ते दिवसेंदिवस वाळत नाही. आधी शेलॅकचा, म्हणजे लाखेचा पातळ हात द्यावा लागतो. इपॉक्सीने चिकटवायचं असेल तर ती जागा आधी अ‍ॅसिटोनने पुसायची.

३. छातीचा खर्च. कोकोबोलोच्या धुळीची अनेकांना अ‍ॅलर्जी होते: पुरळ, डोळ्यांची जळजळ, श्वासाचा त्रास. आणि एकदा सुरू झाली की पुढे थोडी धूळही सोसत नाही. म्हणजे कारागिराचा धंदाच बंद! चांगला मास्क आणि धूळ ओढणारं मशीन ही चैन नाही, तो दरात धरायचा खर्च आहे.

४. कागदाचा खर्च. २०१७ पासून शिसवीच्या जवळजवळ सगळ्या कुळावर 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. अमेरिकेत २००८ पासून लेसी कायदा लाकडालाही लागू आहे. बेकायदा तोडीचं लाकूड विकणं हा तिथे गुन्हा. बिल नसलेलं स्वस्त लाकूड शेवटी महागच पडतं.

आता आकडे. समजा, १० जोड्यांचं लाकूड ७,००० रुपयांना घेतलं. कागदावर एका जोडीला ७०० रुपये. पण दोन जोड्या वाळताना तडकल्या, एकीच्या दोन पट्ट्यांच्या रेघा जुळल्या नाहीत. विकण्याजोग्या उरल्या ७. म्हणजे लाकूड पडलं १,००० रुपयांना. बाद झालेल्या जोडीवर गेलेले तासही या सातांवरच वाटायचे.

सूत्र लिहून ठेवा:
(सगळं लाकूड + सगळे तास + पाती, पॉलिश पेपर, मास्क) ÷ पास झालेले नग = खरी किंमत. त्यावर नफा.

भागायचं ते पास झालेल्या नगांनी, बनवायला घेतलेल्या नगांनी नाही. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की हाच आकडा तुम्हाला सांगतो, कुठपर्यंत उतरायचं आणि कुठे हात जोडायचे.

गृहपाठ: तुमच्या मागच्या १० नगांची वही काढा. पास किती, बाद किती? या सूत्राने दर काढा आणि आजच्या दराशेजारी लिहा. दोन्हीतला फरक म्हणजे तुम्ही आजवर गिऱ्हाइकाला फुकट दिलेले पैसे.

भेटूया पुढच्या धड्यात!