वेताळाचा लहरीपणा आणि दोन फासे

राक्षस लहरी असावा, पण त्याला खेळवणाऱ्याने लहरी असू नये, हा धडा मी गेल्या पावसाळ्यात मुलुंडला, आमच्याच घरच्या जेवणाच्या टेबलावर शिकले.

आम्ही पाचजण रविवारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सूत्रधाराने प्रसंग सांगावा, प्रत्येकाने आपले पात्र काय करते ते सांगावे आणि जेथे निकाल अनिश्चित तेथे फासा टाकावा, अशी त्याची रीत. सूत्रधार मी होते. परदेशी ड्रॅगनऐवजी मी वेताळ घेतला. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त वेताळाला खांद्यावरून वाहणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचाच!

वेताळ लहरी दाखवायचा म्हणून मी वीस शक्तींची यादी केली. वीस बाजूंचा फासा टाकायचा, येईल ती शक्ती वापरायची. पहिल्याच फेरीत एका मैत्रिणीचे, चार महिने जपलेले पात्र गतप्राण झाले. ती एवढेच म्हणाली, “माझं काय चुकलं ते तरी सांग.” मजजवळ उत्तर नव्हते. पुढचे दोन रविवार ती आली नाही.

चूक शोधू लागले तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली गणिताची. एका फाशावर प्रत्येक अंकाला सारखीच संधी असते. त्यामुळे किरकोळ खोडी आणि मृत्यू एकाच पंगतीला बसले होते. सहा बाजूंचे दोन फासे टाकले तर शक्यता ३६. त्यांत बेरीज सात येण्याच्या सहा, सहा किंवा आठ येण्याच्या प्रत्येकी पाच, पण दोन किंवा बारा येण्याची प्रत्येकी एकच. म्हणून सहा ते आठला वेताळाच्या खोड्या ठेवल्या: आवाज बदलणे, दिवा विझवणे, वाट चुकवणे. दोनला तो निसटून झाडावर जातो. प्राणघातक घाला फक्त बाराला.

दुसरी गोष्ट कथेची. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर मस्तक फुटेल, असे वेताळ राजाला आधीच बजावतो. आणि राजा बोलला की झाडावर परततो. तो काय विचारील हे कळत नाही. पण कशाचा परिणाम काय, हे राजाला ठाऊक असते. म्हणून बारा पडताच मी आधी खूण देते, खांद्यावरचे ओझे एकाएकी थंड पडते, आणि खेळाडूला एक कृती करू देते.

तिसरी दुरुस्ती आजीची. ती वेंगुर्ल्याकडची. “देवाक खेळात कित्याक घेतलंस गो?” तिने विचारले. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करीत फिरतो, म्हणून भाविक त्याला मोठाल्या चपला वाहतात. तो रक्षणकर्ता; त्याला राक्षस करणे मलाही रुचेना. माझा वेताळ मी स्मशानातील कथेपुरताच ठेवला.

मैत्रीण परत आली. त्या दिवशी तिच्याच वाट्याला बारा आले. ओझे थंड पडले. ते टाकून पळण्याऐवजी तिने जखमी सोबत्याला पुलापलीकडे ढकलले. तिचे नवे पात्रही गेले. या खेपेस मात्र तिने कारण विचारले नाही. कोरा कागद पुढे ओढून तिसऱ्या पात्राचे नाव लिहायला घेतले.