अर्धघन मिश्रधातूंचे वहन : एक अभ्यास

भंडारा शहराची ओळख पितळी भांड्यांचे शहर अशी आहे. मुशीतला रस साच्यात ओतणाऱ्या कारागिराला एक गोष्ट पुस्तकाविना ठाऊक असते : पितळ एका क्षणात थिजत नाही. ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असलेले पितळ सुमारे ९५४ अंश सेल्सिअसला थिजू लागते आणि सुमारे ९१६ अंशांना पूर्ण घट्ट होते. मधल्या अवस्थेत ते धड द्रवही नसते आणि धड घनही नसते. असा अर्धघन धातू कसा वाहतो व ते गणितात कसे मांडतात, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

कल्हईचे शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते आणि त्याच अंशाला थिजते. त्याला मधली अवस्थाच नाही. त्यात १५ टक्के शिसे मिसळले की मात्र ते सुमारे २१० पासून १८३ अंशांपर्यंत हळूहळू थिजते. (कल्हईत शिसे कदापि असू नये, ते विषारी आहे.) नेमक्या याच मिश्रधातूवर १९७१ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे डेव्हिड स्पेन्सर हे विद्यार्थी प्रा. मर्टन फ्लेमिंग्ज यांच्या मार्गदर्शनाखाली प्रयोग करीत होते. ओतीव धातूला गरम असतानाच तडे का जातात, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. हाती लागले ते वेगळेच. न ढवळता अर्धवट थिजू दिलेला धातू ताठ झाला. पण थिजत असताना सतत ढवळलेला धातू ४० टक्के घन झाल्यावरही सहज वाहत राहिला. दोहोंच्या प्रतिकारात सुमारे हजारपट फरक होता!

कारण स्फटिकांच्या आकारात आहे. शांतपणे थिजताना स्फटिकांना झाडासारख्या फांद्या फुटतात व त्या एकमेकींत अडकतात. ढवळल्याने फांद्यांऐवजी गोलसर कण तयार होतात आणि ते एकमेकांवरून घसरतात. हे कण स्वस्थ राहिले की पुन्हा चिकटतात, हलविले की सुटतात. रोवणीपूर्वी बांधीत चिखलणी केलेला चिखल पायाखाली कसा सैल होतो आणि तसाच पडून राहिला तर कसा आवळतो, हे आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना सांगायला नको. या गुणधर्मास थिक्सोट्रॉपी म्हणतात.

म्हणून अशा धातूची श्यानता, म्हणजे दाटपणा, तक्त्यातून एक आकडा उचलून लिहिता येत नाही. ती घनांशावर, कर्तन दरावर (थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात यावर) आणि धातूच्या पूर्वेतिहासावर अवलंबून असते. हा तिसरा घटकच आम्हास सर्वांत महत्त्वाचा वाटतो व तोच बहुधा विसरला जातो.

तो गणितात आणण्यासाठी 'स' ही संरचना-संख्या घेतात. सर्व कण चिकटलेले असतील तर स = १, सर्व सुटे असतील तर स = ०. 'स' वाढण्याचा वेग क × (१ – स), घटण्याचा वेग ख × स × कर्तन दर. दोन्ही वेग समान झाले की स्थिर अवस्था येते : स = क ÷ (क + ख × कर्तन दर). समजा, कर्तन दर सेकंदास १० असताना स = १/२ मिळाला. म्हणजे क = १० ख. आता दर १०० केला तर स = १०/११० = १/११. वेग दहापट झाला आणि धातू पातळ झाला. 'क' व 'ख' मात्र प्रयोगानेच काढावे लागतात.

पण स्थिर अवस्था यायला वेळ लागतो, आणि यंत्रातील साचा सेकंदाच्या अंशात भरतो. ७ टक्के सिलिकॉन असलेले ॲल्युमिनियम सुमारे ६१५ ते ५५५ अंशांच्या दरम्यान थिजते. ते निम्मे घन असताना दाबाने साच्यात भरतात. तेथे स्थिर अवस्थेचे सूत्र वापरले तर उत्तर चुकते. संगणकाला 'स' क्षणाक्षणाला मोजायला लावावे लागते, नाहीतर साचा भरेल असे कागदावर दिसते व प्रत्यक्षात कोपरा रिकामा राहतो.

एवढे करूनही एक अडचण उरते. दाब फार सावकाश दिला तर दह्याची पुरचुंडी पिळल्यावर पाणी निथळावे तसा द्रव भाग पुढे निघून जातो व कण मागे राहतात. मग तयार वस्तूच्या एका टोकाला सिलिकॉन अधिक, दुसऱ्या टोकाला कमी. अशा वेळी धातूला एकच पदार्थ न मानता कण व द्रव यांची समीकरणे वेगवेगळी मांडून, एकाचा दुसऱ्यावरील ओढा त्यांत जोडावा लागतो.