हिरवे औषध कर्करोग दाखवते का?

प्रश्न : माझ्या वडिलांना गुदाशयाचा कर्करोग आहे. ऑपरेशनमध्ये हिरवे औषध टोचून खास कॅमेऱ्याने पाहणार, असे डॉक्टर म्हणाले. मग सगळा कर्करोग दिसून निघेल ना?

उत्तर : हे औषध बहुधा इंडोसायनीन ग्रीन असावे. ते कर्करोगाच्या पेशी ओळखत नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. शिरेतून दिल्यावर ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटते आणि अवरक्त प्रकाशात चमकते. म्हणजे रक्त पोहोचते तिथे चमक. गाठ काढल्यावर आतड्याची दोन टोके जोडतात. तिथे रक्तपुरवठा अपुरा असेल तर जोड गळतो, पोटात जंतुसंसर्ग होतो आणि प्रसंग जिवावर बेततो. चमक फिकी दिसली, तर सर्जन आणखी थोडे आतडे कापून चांगल्या भागात जोड घेतात. गुदाशयाच्या कर्करोगावरील जपानमधल्या एका चाचणीत (२०२३) अशी गळती ११.८ वरून ७.६ टक्क्यांवर आली. सगळ्याच चाचण्यांत हा फायदा दिसलेला नाही. तरीही तपासणी काही मिनिटांचीच असते, त्यामुळे मी ती करून घ्या असेच म्हणेन.

खुद्द गाठ उजळवणारी औषधे वेगळी. नेदरलँड्समध्ये अभ्यासलेले एसजीएम-१०१ कर्करोगपेशींवरच्या सीईए या प्रथिनाला चिकटते. तुमच्या वडिलांची गाठ पूर्ण निघाली का, हे मात्र पॅथॉलॉजीचा रिपोर्टच सांगेल. तो नीट समजून घ्या.

त्यांना आयोडीनची अ‍ॅलर्जी असल्यास भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, कारण इंडोसायनीन ग्रीनच्या इंजेक्शनमध्ये सहसा थोडे आयोडाइड असते.