प्रबंधामागची दहा वर्षे

आमच्या वसतिगृहात वाढलेले काही विद्यार्थी आज पीएच.डी.चे संशोधन करीत आहेत. सुट्टीत ते डोलवीला येतात तेव्हा घरचा प्रश्न ठरलेला असतो : "अजून किती वर्षे शिकणार?" गावालगत पोलादाचा कारखाना उभा आहे, बरोबरीची मुले कमावती झाली आहेत, तेव्हा हा प्रश्न गैर नाही. त्याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत सापडते.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. वय अवघे पंचवीस. जातीच्या आतच विवाह करण्याचे बंधन हे जातीचे मर्म आहे, असा सिद्धान्त त्यांनी जाणकारांपुढे मांडला. जे सोसले त्याचे कारण शोधावे आणि ते पुराव्यानिशी चारचौघांत मांडावे, हा संशोधनाचा पहिला धडा.

त्याच वर्षी ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. सामान घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले. त्याबरोबर ग्रंथही गेले. मग मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले.

रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी सुधारणेसाठी परत केला. तो दुरुस्त करून त्यांनी पुन्हा सादर केला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहिली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांना त्यातील अनेक मते मान्य नव्हती. तरी ग्रंथाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली. दुरुस्ती म्हणजे अपमान नव्हे आणि मतभेद म्हणजे वैर नव्हे, हा दुसरा धडा.

कोलंबियाची पीएच.डी. त्यांना १९२७ मध्ये प्रदान झाली. त्याच वर्षी २० मार्चला आपल्याच, तेव्हाच्या कुलाबा, जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. विद्या समाजाकडे परत आली पाहिजे, हा तिसरा धडा.

आम्ही एम.ए. झालो तेव्हा प्रबंधाचा विषय कसा निवडावा, हे विचारायला ओळखीचे कोणीच नव्हते. आमचा संशोधनाचा विचार तेथेच थांबला. आज आमच्या मुलांना विचारायला त्यांचेच दादा आणि ताई आहेत. म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती, की वर्षातून एक संध्याकाळ नववी-दहावीच्या मुलांसाठी द्यावी. विषय कसा सुचला, शिष्यवृत्ती रखडली तेव्हा काय केले, मार्गदर्शकांनी कोणते प्रकरण परत केले, तेही सांगावे. केवळ यश सांगितले, तर मुलांना वाट दिसत नाही.

आणि पालकांनी प्रश्न थोडा बदलावा. "कधी संपणार?" याऐवजी "काय सापडले?" असे विचारावे. त्या एका प्रश्नाने संशोधकाची दहा वर्षे एकाकी राहणार नाहीत.