"बघू की" म्हणजे नक्की कधी? वेळ मारून नेणारं बोलणं ओळखा, आणि स्वतः वापरताना जपून वापरा

उधारीच्या व्हिडिओत एक मुद्दा घाईत राहून गेला होता. तो इथं सविस्तर लिहितोय.

पैसे मागायला गेलं की समोरचा "देत नाही" असं कधीच म्हणत नाही. "बघू की", "होऊन जाईल", "तुमचे पैसे कुठं पळून चाललेत का?" असं म्हणतो. वर चहा पाजतो. आपण हसत बाहेर पडतो आणि गाडीला किक मारताना लक्षात येतं, की हातात काहीच आलं नाही. याला आपण वेळ मारून नेणं म्हणतो. तुर्की भाषेत अशा बोलबच्चन माणसाला 'लाफ एबेसी' म्हणतात, म्हणजे 'बोलण्याची सुईण'. एका शब्दातून दुसरा शब्द जन्माला घालणारा!

नरो वा कुंजरो वा

आपल्याकडे यासाठी अजून एक जुना वाक्प्रचार आहे: नरो वा कुंजरो वा. महाभारतातली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला. आपला मुलगा गेला की काय, म्हणून द्रोणाचार्यांनी युधिष्ठिराला विचारलं. तो म्हणाला, अश्वत्थामा मेला, माणूस असेल नाहीतर हत्ती. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं.

धंदेवाल्यानं यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, ही युक्ती चालली ती शब्दांमुळे नाही. युधिष्ठिर खोटं बोलत नाही ही त्याची पत होती, म्हणून चालली. दुसरी, त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्या दिवशी खाली टेकला. थोडक्यात, गोलमाल उत्तर फुकट मिळत नाही. त्याचे पैसे पतीच्या खात्यातून कापले जातात.

ओळखायचं कसं?

आपल्या बीड जिल्ह्यात पैसा हंगामानं येतो. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आसपास, कापूस त्यानंतर, ऊसतोडीची उचल गाव सोडण्याआधी. त्यामुळे "कापूस विकला की देतो" हे प्रत्येक वेळी टोलवणं नसतं. खरं-खोटं तपासायला तीन प्रश्न विचारा:

1. कोणत्या तारखेला?
2. किती रुपये?
3. त्या दिवशी मी येऊ, की तुम्ही येणार?

ज्याला द्यायचे आहेत तो म्हणेल, "पहिली वेचणी झाली की 5 हजार देतो, बाकीचे दुसरीला." ज्याला टाळायचं आहे तो म्हणेल, "आपलं काय नातं आजचं आहे का?" प्रश्न तारखेचा आणि उत्तर नात्याचं, असं झालं की समजून जा.

तरीही भांडू नका. वहीत तारीख, रक्कम लिहा आणि त्यांची सही घ्या. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायची मुदत साधारण 3 वर्षं असते. नुसत्या तोंडी "देतो की" नं ती वाढत नाही. मुदत संपायच्या आत सही करून लेखी कबुली दिली, तर त्या तारखेपासून मुदत नव्यानं मोजली जाते.

जे स्वतः माल बनवतात किंवा सेवा देतात, त्यांनी उद्यम नोंदणी करून ठेवा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या तारखेला द्यावं लागतं, आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर व्याज लागतं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला मात्र ही तरतूद धरून चालता येत नाही. त्याचं बळ म्हणजे वही आणि सही.

आपण कधी वापरायचं?

प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. गिऱ्हाईक विचारतं, "शेजारच्याला कितीला दिलं?" म्हणा, "काका, त्यांचा भाव तुम्हाला सांगत नाही, तुमचाही कुणाला सांगणार नाही." प्रश्न टाळला, पण विश्वास वाढला.

माल नाही आणि गिऱ्हाईक घाईत आहे. "गाडी निघालीय, पोहोचेलच" असं सांगून टाकायचा मोह होतो. त्याऐवजी म्हणा, "आत्ता नाही. होलसेलवाल्याला विचारून संध्याकाळी 6 ला फोन करतो." दोन्हीत तुम्ही वेळच मागितला. पहिल्यात तो खोटं सांगून घेतला, दुसऱ्यात शब्द देऊन घेतला. मात्र 6 ला फोन गेलाच पाहिजे, माल नसला तरी!

नियम एकच: वेळ घ्यायचा तर सोबत तारीख द्यायची. तारीख नसलेलं गोड बोलणं गिऱ्हाईक दोनदा ऐकून घेतं, तिसऱ्यांदा समोरच्या दुकानात जातं.

या आठवड्याचा गृहपाठ

उधारीच्या वहीतली सगळ्यात जुनी पाच नावं काढा. प्रत्येकाला वरचे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. मग वहीचं दुसरं पान उघडा. तुम्ही कुणाकुणाला "बघू" म्हणून ठेवलंय, ती नावं लिहा आणि प्रत्येकासमोर तारीख टाका. आधी दुसऱ्या पानावरचे फोन करा.