मालकाचे नाव काय?

गेल्या जूनमध्ये फी-सवलतीचा अर्ज भरताना एका रकान्यापाशी माझी लेखणी थांबली. रकाना होता, ‘पालक नोकरीत असल्यास मालकाचे नाव.’ माझे वडील तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार आहेत. एका दिवसात ते चार-पाच व्यापाऱ्यांचा माल उचलतात. मग नाव कुणाचे लिहायचे? वडील सहज म्हणाले, “माथाडी मंडळाचं लिही.” मी लिहिले आणि अर्ज मंजूर झाला.

सुट्टीत गावी गेल्यावर ही हकिगत आजोबांना सांगितली. आजोबा १९६५ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातून मुंबईला गेले आणि मशीद बंदरला हमाली करू लागले. मी विचारले, “तुमचा मालक कोण होता?” ते हसून म्हणाले, “ज्याचं पोतं पाठीवर, त्यो मालक. पोतं उतरलं की मालक बी संपला.”

राज्यशास्त्राच्या तासाला जे मला नीट उमगले नव्हते, ते या एका वाक्याने उमगले. गरीब माणूस कायद्याबाहेर राहतो तो कायदा निर्दय असतो म्हणूनच असे नाही. पुष्कळदा कायद्याला तो दिसतच नाही. तो दिसावा म्हणून महाराष्ट्रातील हमालांनी काय केले, याचा थोडा अभ्यास प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

कायद्याच्या नजरेआड

स्वातंत्र्यानंतर कामगारांसाठी चांगले कायदे झाले. १९४८ चा कारखाने अधिनियम आला, १९५२ चा भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला. पण कारखाना, आस्थापना आणि मालक ही या कायद्यांची गृहीतके होती. हमालाकडे यांपैकी काहीच नव्हते. तो टोळीत काम करी. व्यापारी म्हणे, “हा माझा नोकर नव्हे, मुकादमाचा माणूस.” मुकादम म्हणे, “मीही यांच्यातलाच.” मजुरी पोत्यावर, आजारपणाचा दिवस उपाशी. पाय घसरून एखादा गडी जायबंदी झाला की टोळीच वर्गणी काढून त्याला गावी पोचवी, असे आजोबा सांगतात. हक्क नव्हता, होती ती भाऊबंदकीची माया.

मागणी कशी घडली

पुण्यात डॉ. बाबा आढाव (१९३०–२०२५) यांनी १९५० नंतरच्या दशकात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले. संप झाले, मोर्चे निघाले. परंतु माझ्या मते या चळवळीचे खरे वैशिष्ट्य मोर्च्याच्या लांबीत नसून मागणीच्या नेमकेपणात आहे. केवळ ‘मजुरी वाढवा’ एवढेच मागितले असते, तर ती मिळून महागाईत विरघळून गेली असती. हमालांनी स्वतःसाठी वेगळा कायदा मागितला.

त्याला जवळचा दाखलाही होता. गोदी कामगारांसाठी केंद्राचा १९४८ चा कायदा होता आणि त्याखाली नोंदणी व मंडळ यांची व्यवस्था होती. गोदीच्या भिंतीआड माल उचलणाऱ्याला संरक्षण आणि तोच माल भिंतीबाहेर उचलणाऱ्याला मात्र काही नाही, ही विसंगती कुणालाही पटण्यासारखी होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ मध्ये, महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम मंजूर झाला.

कायद्याने काय केले?

मला यात तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, कायद्याने हमालाला नाव दिले. ‘असंरक्षित कामगार’ ही व्याख्या आली आणि कोणकोणत्या बाजारांतील व कामांतील कामगार तीत येतात याची अनुसूची जोडली गेली. पूर्वी जो कुणाचाच नव्हता, तो आता कायद्याचा झाला.

दुसरी, ज्याला श्रमाचा लाभ होतो त्याच्यावर जबाबदारी आली. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के ‘लेव्ही’ द्यायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा, औषधोपचार यांची तरतूद होते. मालक रोज पाच असोत वा पंधरा, कामगाराचे खाते एकच राहते. मालक ओळखण्याचा जो पेच वर्षानुवर्षे सुटत नव्हता, तो मंडळ मधे उभे करून सोडविला गेला.

तिसरी, मंडळावर मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात. शासनाचे प्रतिनिधी एकतृतीयांशाहून अधिक असत नाहीत. ज्याच्याविषयी निर्णय व्हायचा, तो दाराबाहेर निवेदन घेऊन उभा न राहता खुर्चीवर बसला. नागरी हक्क म्हणतात तो हाच, असे मला वाटते.

कायदा झाल्यानंतर

कायदा झाला म्हणजे काम संपले असे नाही. त्याच धर्तीवर १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला. दुसरीकडे, माथाडींच्या नावाखाली काही ठिकाणी खंडणी उकळली जाते, अशी उद्योजकांची तक्रार आहे. ती उडवून लावण्याजोगी नाही; त्याने खऱ्या माथाडीचीच बदनामी होते. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले, तेव्हा कामगाराची व्याख्याच आकुंचित होईल या भीतीने संघटनांनी विरोध केला. माझे मत असे की, खंडणीखोराला अवश्य शिक्षा व्हावी. पण त्यासाठी कष्टकऱ्याचे नाव अनुसूचीतून पुसले जाऊ नये. व्याख्येतील एक शब्द बदलला तरी एखाद्या घरचे औषधपाणी बंद होऊ शकते. म्हणून विधेयक वाचणे हे केवळ आमदारांचे काम नव्हे, ते आपलेही आहे.

आपल्यासाठी

माझ्या वर्गातील दोन मित्र संध्याकाळी दुचाकीवरून घरोघरी खाद्यपदार्थ पोचवितात. कंपनी त्यांना नोकर म्हणत नाही, ‘भागीदार’ म्हणते. नफ्यात मात्र त्यांचा वाटा नाही आणि अपघात झाला की भागीदारीही आठवत नाही. आजोबांच्या पोत्याच्या जागी पाठीवर आता पिशवी आली, एवढाच फरक. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कायदा केला. नोंदणी, मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क ही त्याची रचना वाचताना मला १९६९ च्या आपल्याच कायद्याची आठवण झाली.

परवा त्यांतल्या एकाने तोच अर्ज भरताना मला विचारले, “स्वतःच्या कामाच्या रकान्यात मालक म्हणून कुणाचं नाव लिहू?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजोबांच्या पिढीजवळही नव्हते. पण त्यांनी तो रकाना कोरा सोडून दिला नाही. अर्ज, निवेदन, संप, मोर्चा या मार्गांनी त्यांनी शासनाला तो भरायला लावला. आम्ही दोघांनी आता राजस्थानचा तो कायदा मिळवून वाचायला घेतला आहे. सुरुवात एवढीच आहे, पण सुरुवात आहे.